चर्च चौकाची हद्द

चर्च चौकाची मोजणी मी केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं ज्याला जे म्हणायचं ते म्हणता येईल. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. कृष्णेकाठचं तालुक्याचं गाव आहे, साताऱ्याहून सांगलीकडं जाताना लागतं. एवढ्यावरून ज्याला ओळखायचं तो ओळखेलच.

साल १९९४. मी तेव्हा नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात रोजंदारीवर आरेखक होते. वाईहून आलेली, आयटीआय झालेली, सव्वीस वर्षांची भार्गवी. आरेखकाचं काम नकाशे काढायचं, पण आमच्याकडं माणसं कमी. म्हणून उन्हात जाऊन मोजायचं मीच, टेबलावर वाकून काढायचं मीच, आणि चुकलं तर बोलणी खायची तीही मीच. माझा स्वभाव तापट. ऑफिसात मला माघारी 'फोडणी' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

आता चौक कसा होता ते सांगते. मधोमध काळ्या दगडाचं चर्च, त्याला एकच मनोरा, मनोऱ्यात घंटा. बाजारपेठेतून येणारा रस्ता चर्चपाशी दुभंगायचा, दोन्ही अंगांनी वळसा घालून मागं पुन्हा एक व्हायचा आणि स्टेशनकडं जायचा. त्यामुळं मधली जागा बदामाच्या आकाराची झाली होती. चर्चच्या तीन बाजूंना भिंत होती, समोरची बाजू मोकळी. चमत्कारिक गोष्ट अशी, की चर्च रस्त्याच्या रोखात नव्हतं. तिरकं होतं. दार बाजाराकडं करायचं सोडून उजवीकडच्या मोकळ्या मैदानाकडं केलेलं. त्या मैदानात कधी कुणी काही बांधलं नव्हतं. आधी तिथं टांगे उभे राहायचे, मग रिक्षा आल्या, कडेला फळांच्या गाड्या लागल्या. गोऱ्या साहेबाला अक्कल नव्हती, एवढी मोक्याची जागा वाया घालवली, असं गावात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. आरेखकाला काटकोन आवडतो, आणि ते तिरकं चर्च नकाशावर माझ्या डोळ्यात खुपायचं.

गावातले नानासो लहानपणी विट्याच्या गलाईवाल्यांबरोबर दक्षिणेत गेले होते. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. त्यांना वडिलांच्या नावानं गावात काहीतरी करायचं होतं, आणि तिकडं कुठंतरी बघितलेलं रंगीत दिव्यांचं कारंजं त्यांच्या मनात बसलं होतं. आमचे नगर अभियंता सुमंतसाहेब म्हणाले, चर्च चौक करू. रस्ते रुंद, मैदानात गोल कठडा, कठड्यात कारंजं. पण त्याआधी चर्चची जागा कुठं संपते आणि नगरपालिकेची कुठं सुरू होते ते ठरवायला हवं होतं. जुना नकाशा काढला तर नेमकी तिथलीच घडी झिजून भोक पडलेलं. तेव्हा मोजणी आली.

मोजणीआधी जागेच्या मालकाला नोटीस जाते. अमुक तारखेला हजर राहावे आणि हद्दीच्या दगडांना चुना लावून ठेवावा. नोटीस पाळणारे लोक शंभरात दोन. बाकीच्यांकडं आम्ही गेल्यावर दगड शोधण्यापासून तयारी. चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, शांतवन त्या आठवड्यात बायकोच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. नोटीस दाराखालून आत सरकवलेली तशीच पडून होती. हे मला नंतर कळलं.

ईस्टर होऊन दोन दिवस झाले होते. मी आणि आमचे टेप धरणारे कुतुबुद्दीनचाचा सकाळी तिथं गेलो. चर्चच्या दारापासून पंधरा फुटांवर दोन दगड, ताज्या चुन्यानं पांढरेशुभ्र. मी म्हटलं, वा, कुणीतरी नोटीस वाचली एकदाची.

चाचा दगडापाशी उकिडवे बसले. "मॅडम, हे हद्दीचं न्हाईत वाटत. हद्दीचा दगड घडीव असतोय, हे नुसतं गोटं हायत. आन दाराला लय जवळ हायत."

"चाचा, चुना दिसतोय ना तुम्हाला? मग टेप धरा."

तीस वर्षं हद्दी मोजलेला माणूस. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि टेप धरली. मी त्या दोन दगडांतून सरळ रेघ मारली. रेघेच्या अलीकडं चर्च, पलीकडं नगरपालिका.

पायऱ्यांवर एक म्हातारी खराटा घेऊन बसली होती. हरणाबाई. चर्च झाडायची, घंटा द्यायची, मागच्या एका खोलीत राहायची. पासष्टीची असेल. आम्ही दगडांना धक्का न लावता टेप नेतो आहोत हे ती अगदी कौतुकानं बघत होती. उठून तिनं आम्हाला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"बाई, नीट लिवून घ्या हं," ती म्हणाली.

"घेतलं, आजी."

"समदं?"

"समदं!" मी तिच्याच सुरात म्हटलं, तिची थट्टा करत. ती हसली. मोजणीच्या कागदावर हजर माणसाची सही लागते. पाळक नव्हते, म्हणून मी तिचाच अंगठा घेतला. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही. ऊन फार झालं होतं आणि मला घरी जायचं होतं.

मंजुऱ्या होता होता नोव्हेंबर उजाडला. उद्घाटनाच्या वेळी एक स्मरणिका काढायची ठरली आणि साहेबांनी मला बोलावलं. "चौकाचा इतिहास लिही दोन पानं. वाईची ना तू? तुझं मराठी बरं असणार." मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन पाळकांकडं गेले.

शांतवन पाळक साधा माणूस. दोन लहान मुली, आजारी बायको, बदली होऊन तीनच वर्षं झालेली. त्यांनी मला १९११ सालचा एक फोटो दाखवला. चर्च नवं कोरं, दाराला सात पायऱ्या. आता तीनच उरल्या होत्या. रस्त्यावर थरावर थर, भरावावर भराव पडून जमीन वर आली होती. "माझ्याकडं एवढंच आहे," ते म्हणाले. "जुने कागद मिशनवाल्यांनी अमेरिकेला नेले. बाकीचं हरणाबाईंना विचारा."

हरणाबाईनं मला हाताला धरून त्या दोन दगडांपाशी नेलं. चुना आता मळका झाला होता.

"एकोणीसशेचा दुस्काळ ऐकलाय न्हवं? तवा हितं ह्ये चर्चचं देऊळ न्हवतं. हितं मिशनाची कांजी मिळायची. जतकडनं, कवठ्याकडनं लोक पोरं घिऊन यायचं. माझी आजी तशीच आलेली, सात वर्साची. ती जगली. जी जगली न्हाईत ती हितं हायत." तिनं हातानं सगळं मैदान दाखवलं. रिक्षा उभ्या होत्या, एकजण पेरू विकत होता. "वळीनं पुरलीत. परत्येकाच्या उशाला येक दगूड. दहा वर्सांनी देऊळ बांधायला काढलं तवा पाद्रीसायेब म्हनला, दार पोरांकडं करा. आन म्होरं कुनी काय बांधू नगा."

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. चौऱ्याऐंशी वर्षं अख्खं गाव ज्याला चूक म्हणत होतं, ती चूक नव्हतीच. चर्च तिरकं नव्हतं. ते बरोबर मुलांच्या समोर उभं होतं. त्याला वळसा घालायचा म्हणून रस्ता दुभंगला, मैदान मोकळं राहिलं म्हणून टांगे आले, टांगे आले म्हणून बाजार आला. सगळा चौक त्या पोरांच्या भोवती तयार झाला होता.

"मग बाप्तिस्म्याच्या आत गेलेली आमची बी पोरं हितंच ठेवाय लागले," ती म्हणाली. "त्यांची चोपडीत नोंद नसती. माझा बी हितंच हाय. अठ्ठावन सालचा. येकोणीस दिसांचा हुता."

मी विचारलं, "आणि हा चुना?"

"ईस्टरच्या आदल्या दिशी समद्या बायका लावायच्या. आता बायका न्हाईत आन दगूड बी खाली गेलं. दाराजवळच्या वळीचं दोनच भराव पडंल तसं वर घेत आलू. त्यांस्नी लावती. खालच्यांस्नी पोचत आसंल." मग ती माझ्याकडं वळली आणि तिचा चेहरा उजळला. "तुमी त्या दिशी लिवून न्हेलं, मला लय बरं वाटलं बगा. म्या मेल्यावर ह्यांच्याकडं कोन बगनार, ह्योच घोर हुता. आता सरकारात लिवलंय म्हनल्यावर कोन हात लावतंय?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. आजी, मी काही लिहिलं नाही. तुमच्या चुन्याला मी हद्द समजले. तुमचं पोर मी रस्त्यात टाकलं. पण तिचं ते समाधान बघून मी नुसती मान हलवली आणि वही मिटली. भित्री मी कधीच नव्हते, असं मला तोवर वाटायचं.

साहेबांकडं मात्र गेले. सुमंतसाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला.

"मोजणी चुकली असं तू लिहून दे. मी पुढं पाठवतो. फेरमोजणी होईल, चौक रद्द होईल, नानासो आणि नगराध्यक्ष माझ्या अंगावर येतील. ते मी बघून घेईन. पण तुझ्या कायम होण्याची फाईल याच महिन्यात वर गेलीय. त्यात हा कागद लागेल. विचार कर."

त्यांनी मला अडवलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी बऱ्याच जणांना साहेबांनी दाबलं असं सांगत फिरले. तो कागद दोन दिवस माझ्या पिशवीत होता. घरी आई होती, तिचा दमा होता, भाड्याची खोली होती. ही कारणं खरी आहेत आणि तरी ती कारणं नव्हेत. माझ्या हातची रेघ चुकली हे माझ्या हातानं लिहायचं, तेही कुतुबुद्दीनचाचांनी आधी सांगितलेलं असताना, हे मला सोसवत नव्हतं.

म्हणून मी गणित केलं. फोटोत पायऱ्या सात, आता तीन, म्हणजे चार गाडल्या गेल्या. पायरी सात इंचांची. अठ्ठावीस इंच भराव. त्याखाली कबर, ती चार फूट तरी खोल असणार. म्हणजे मुलं सव्वासहा फुटांच्या खाली. कारंज्याचा खड्डा पाच फुटांचा. वर सव्वा फूट शिल्लक राहतो. मी ते तीनदा मांडलं, तीनदा बरोबर आलं. वर कारंजं, खाली मुलं, कुणाला कुणाचा उपद्रव नाही. कागद फाडून टाकला आणि त्या दिवशी मला छान भूकही लागली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खड्डा सुरू झाला. ते दोन दगड पहिल्याच तासात निघाले. हरणाबाई धावत आली तेव्हा मुकादमानं तिला सांगितलं, की आजी, नकाशाप्रमाणंच चाललंय. नकाशात लिहिलंय म्हटल्यावर ती बाजूला झाली. हे दगड नीट परत बसवतील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कुतुबुद्दीनचाचा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, चला," एवढंच म्हणाले.

साडेतीन फुटांवर लागली होती. पहिली टोपली वर आली तेव्हा माती वाहणाऱ्या बायकांना वाटलं मुळ्या आहेत. मग एकीनं टोपली खाली ठेवली आणि ती लांब जाऊन बसली. इतकी लहान हाडं मी कधी बघितली नव्हती. माझ्या पट्टीवर सहज मावली असती. एकाशेजारी एक, वळीनं, अगदी हरणाबाईनं सांगितलं तशी.

मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून मनात आकडे जुळवत होते आणि ते जुळत नव्हते. मग लक्षात आलं. दुष्काळातली जमीन, दगडासारखी. खणणारी माणसं स्वतः कांजीवर जगणारी. त्यांनी कुठून चार फूट खणावं? हातभर खणलं असेल, तेही कसंबसं. एवढी साधी गोष्ट माझ्या गणितात नव्हती.

तासाभरात फौजदार आले. तोवर चौक माणसांनी भरला होता. पाळक खड्ड्यापाशी उभे होते, तोंड पांढरंफटक. गर्दीत कुजबुज सुरू झाली होती. एवढी पोरं चर्चपुढं कशी? मारून पुरली की काय? कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, पण ऐकू सगळ्यांना येत होतं.

फौजदारांनी विचारलं, "जागा कुणाची?"

साहेबांनी माझा नकाशा उलगडला. "नगरपालिकेची."

"दफनभूमी म्हणून नोंद?"

"नाही."

तेवढ्यात गर्दीतून हरणाबाई पुढं आली. "न्हाई कशी? लिवलंय की! ह्या बाईंनी सोता लिवून न्हेलंय. म्या आंगठा दिलाय. आवं बाई, सांगा की ह्यांस्नी!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चाचाही. साहेब मात्र नकाशाकडंच बघत होते.

"नकाशात मोकळी जागा आहे," मी म्हणाले.

हरणाबाईला आधी कळलंच नाही. मी अजून पुढं काही बोलेन म्हणून ती वाट बघत राहिली. मग माझ्याकडं केलेला तिचा हात हळूहळू खाली आला.

पाळक पुढं होऊन म्हणाले, "साहेब, ही दुष्काळातली मुलं आहेत. आणि आमच्या चर्चच्या मंडळीतली काही. अठ्ठावन्न साली हरणाबाईंचं..."

"पाळकसाहेब, जपून." फौजदारांनी त्यांचा दंड धरून त्यांना थोडं बाजूला घेतलं. मी जवळच होते. "शंभर वर्षांपूर्वीचं मला कुणी विचारणार नाही. पण अठ्ठावन्न म्हणालात की ते लिहावं लागतं. नगरपालिकेच्या जागेत, विनापरवाना, नोंद नसलेलं मूल. कोणी पुरलं, कसं मेलं, सगळी चौकशी लागेल. चर्चचं नाव येईल. ही माणसं काय बोलतायत ते ऐकताय ना? उद्या तुमच्या दारावर दगड आले तर मी चार पोलीस देऊ शकतो, जास्त नाही." मग ते हरणाबाईकडं वळले. आवाज मऊ केला त्यांनी. "आजी, विचार करून सांगा. यात तुमचं कोणी आहे?"

ती जागा चर्चची आहे, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. रेघ चुकलीय, माझी चूक आहे, फेरमोजणी करा. जागा चर्चची ठरली असती तर विनापरवान्याचा विषयच उरला नसता. म्हातारीनं ताठ मानेनं सांगितलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्या वेळेला माझ्याशिवाय ते कुणालाच बोलता येणार नव्हतं.

हरणाबाईनं टोपलीकडं बघितलं. मग चर्चच्या खिडकीकडं बघितलं. तिथं पाळकांच्या दोन्ही मुली गजांना धरून उभ्या होत्या.

"न्हाई," ती म्हणाली. "माझं कुनी न्हाई ह्यात."

फौजदारांनी मान हलवली आणि शिपायाला सांगितलं, "लिही. बेवारस."

दोन पोत्यांत सगळं मावलं. नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमधून ती पोती गेली. कुठं नेली ते मी विचारलं नाही. बघण्यासारखं काही उरलं नाही तशी माणसं पांगली. साहेबांनी मुकादमाला सांगितलं, चार दिवस थांबू, मग पुढं खणू.

हरणाबाई पायऱ्यांवर बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. मला त्या हव्या होत्या. पायतान काढून मारलं असतं तरी मी हलले नसते.

"आजी, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला माफ करा."

ती माझ्याकडं न बघताच बोलली.

"तुमास्नी म्या हाय माफ कराय. मला कोन हाय? म्या त्याला न्हाई म्हनलं. समद्यांच्या म्होरं, त्यो तितं टोपलीत आसताना. आता रोज बोलवीन म्हनते त्याला, माफी मागाय. पर बोलवू कशी, बाई? नाव ठेवायच्या आधीच गेल्याला त्यो."

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार होता? मी उठले. पंचनाम्याला नकाशाची एक प्रत जोडायची होती. ऑफिसात जाऊन मी ती काढली, खाली सही केली आणि शिपायाच्या हाती देऊन टाकली.